जुन्या वस्तीतलं घर सोडून लांब राहायला गेलात? की अजून तिथेच आहात? आपापले अनुभव लिहा

मंडळी, हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. २००१ आणि २०११ च्या जनगणनेचे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. मुंबई शहर जिल्हा, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतचं जुनं बेट, ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर आलं. दहा वर्षांत अडीच लाख माणसं कमी झाली. तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा त्याच काळात ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. ठाण्याकडची सगळी वाढ काही गिरगाव-परळहून गेलेल्यांची नाही, बाहेरगावाहून आलेले पण खूप आहेत, पण आपापल्या चाळीतली कोणकोणती बिऱ्हाडं त्यात आहेत हे प्रत्येकाला नावानिशी सांगता येईल.

कारणं आपल्याला तोंडपाठ आहेत तरी एकदा लिहिते. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. त्यामुळे गरीब माणूस शहरात टिकला, त्या कायद्याला मी अजिबात नावं ठेवणार नाही. पण त्या भाड्यात मालकाचा साधा गिलावा पण होईना, त्याने लक्ष काढून घेतलं, आणि इमारती म्हाताऱ्या होत गेल्या. इकडे खोली एक आणि माणसं आठ-नऊ. घरात लग्न ठरलं की आधी प्रश्न जागेचा, मग एक भाऊ बोरिवलीला, दुसरा डोंबिवलीला, आणि म्हातारे मागे. माझं मत विचाराल तर हौसेने लांब गेलेली माणसं थोडी. कुटुंब वाढत होतं आणि खोली वाढत नव्हती, म्हणून जावं लागलं, आणि नोकऱ्या मात्र होत्या तिथेच राहिल्या. तुमचं मत वेगळं असेल तर तेही मोकळेपणाने लिहा. फक्त मुंबई नको, पुणे, नागपूर, सोलापूर, गोवा, परदेश सगळं चालेल. घरांचे भाव किती झाले ती चर्चा मात्र इथे नको, ती सगळीकडे चालूच असते.

सुरुवात मीच करते.

गिरगाव – प्रतीक्षानगर – दहिसर

आमची चाळ ठाकुरद्वारला. तळमजला अधिक तीन मजले, लाकडी जिने, दोन खणांची खोली, मोरी आत आणि संडास गॅलरीच्या टोकाला. मी प्राथमिक शाळेत असतानाच गॅलरीला टेकू लागले. ज्यांनी बघितले नसतील त्यांच्यासाठी सांगते, वरचा मजला खाली येऊ नये म्हणून जाडजूड लाकडी खांब उभे करतात, त्याच्यावर आडवी फळी आणि बुडाशी पाचर ठोकलेली. तात्पुरते म्हणून लावलेले टेकू इतकी वर्षं राहिले की आम्ही त्यांना दोऱ्या बांधून कपडे वाळत घालायचो, दिवाळीचा कंदील टेकूलाच, आणि लपाछपीत राज्य घ्यायचं ते पण टेकूला डोकं टेकूनच. पावसाळ्यात आजी रात्री झोपायच्या आधी बाहेर जाऊन प्रत्येक पाचर हाताने हलवून बघायची, सैल झालीय का म्हणून. लाकूड पाऊस पिऊन फुगतं आणि मग उन्हाळ्यात आक्रसतं तेव्हा पाचर ढिली होते हे तिला कोणा इंजिनियरने सांगितलं नव्हतं.

मग एका जुलैमध्ये मागच्या जिन्याचा भाग कोसळला. कोणाला लागलं नाही हे नशीब. धोकादायक म्हणून नोटीस आली आणि आम्हाला सायनला प्रतीक्षानगरच्या संक्रमण शिबिरात पाठवलं. तीन वर्षांत नवीन घर असं तोंडी सांगितलं होतं. पुनर्विकासाचा नियम १९९१ पासून आहे, ३३(७), त्यात जुन्या भाडेकरूला निदान २२५ फूट कार्पेट, २००९ मध्ये ते ३०० फूट झालं, वाचायला सगळं छान आहे. आमच्याकडे एक बिल्डर आला तो अर्ध्यातून गेला, दुसरा आला, मग मालकाच्या वारसांचं कोर्टात लागलं. बाबांची एक रेक्झिनची पिशवी होती, त्यात भाडेपावत्या, रेशनकार्ड, लाइटबिलं, जागा खाली केल्याचा कागद, सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स. ते पिशवी घेऊन निघाले की आई विचारायची नाही कुठे जाताय. आजी शिबिरातच गेली. शेवटी आम्ही कर्ज काढून दहिसरला वन बीएचके घेतलं. ठाकुरद्वारच्या प्लॉटला पत्रे लागलेत, कागदावर आमचा हक्क अजून शाबूत आहे.

घर चांगलं आहे, हवा आहे, लिफ्ट आहे, मी तक्रार करणार नाही. पण आईचं सगळं आयुष्य पायी होतं. डॉक्टर, किराणा, माहेर, देऊळ, साहित्य संघातलं नाटक, सगळं चालत. दहिसरला ती प्रत्येक गोष्टीसाठी कोणावर तरी अवलंबून झाली. गुढगे दुखतात तरी दिवाळीच्या आधी ती गाडी बदलून चर्नी रोडला जातेच, भाजणीचं सामान तिला तिथलंच लागतं.

फणसवाडी (अजून तिथेच)

टेकूचं वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे अजून आहेत. मजल्यावर पूर्वी बारा बिऱ्हाडं होती आता चार, बाकी कुलुपं. गणपतीला सगळे येतात, तेव्हा मजला भरतो, कोणी कल्याण कोणी वसई कोणी खारघर. आरतीला जागा पुरत नाही आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही चार घरं आणि नऊ दिवसांच्या चपलांचा चिखल. आम्ही का गेलो नाही? मुलगी जवळच नर्सिंग करते आणि माझं दुकान खाली आहे. ज्याचं काम इथे आहे त्याने इथून हलू नये असं मला वाटतं, बाकी इमारत किती दिवस आहे ते देवाला ठाऊक.

लालबाग – नालासोपारा

वडील गिरणीत साचे खात्यात, म्हणजे विणकामात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी चौथीत. अडीच लाख कामगार बाहेर आले आणि संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच नाही, त्यामुळे आमच्या घरात "संप संपला" असं कोणी कधी म्हटलंच नाही. आई खानावळ चालवायची, तिचे खानेवाले सगळे कोकणातले गडी, ते संपात गावी निघून गेले, काही जण दोन-दोन महिन्यांचे पैसे द्यायचे राहिले आणि त्यातल्या एकाने बऱ्याच वर्षांनी येऊन पैसे ठेवले, आईने घेतले नाहीत. शेवटी खोली पागडीवर देऊन, म्हणजे एकरकमी पैसे घेऊन भाडेकरूचा हक्क दुसऱ्याला देऊन, कर्ज फेडलं आणि उरलेल्यात नालासोपाऱ्याला रूम किचन. तेव्हा तिकडे रस्त्याला दिवे नव्हते. पाण्याचा टँकर आला की बिल्डिंगमधल्या बायका कळश्या ड्रम घेऊन धावायच्या, भांडणं पण व्हायची, आणि मग दुपारी त्याच बायका एकमेकींकडे पापड लाटायला.

मला जे सांगायचंय ते वेगळंच आहे. गिरणी कामगार कामाला पायी जायचा. भोंगा झाला की दहा मिनिटांत खात्यात. म्हणून गिरणगावातली स्टेशनं लहान, पूल अरुंद, तेवढे पुरायचे. गिरण्यांच्या जागी ऑफिसं आली आणि कामगार गेले विरार-कल्याणला, आता त्या ऑफिसांत काम करणारे आम्ही सगळे ट्रेनने येतो आणि त्याच पुलांवरून उतरतो. मी पण लोअर परळलाच कामाला होतो. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं गेली तेव्हा बातम्यांत पाऊस, अफवा, गर्दी असं सगळं आलं. पण तिथे रोज एवढी गर्दी का होते, ती माणसं कुठून येतात आणि पूर्वी कुठे राहायची हे कोणी विचारलं नाही याचा मला अजून राग आहे.

१९९१ च्या नियमात गिरणीच्या जमिनीचे साधारण तीन वाटे होते, एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक परवडणाऱ्या घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलून वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती ठेवली, ज्या जमिनीवर शेड उभ्या होत्या ती त्यातून बाहेर. गिरणीत मोकळी जमीन असते किती? २००६ मध्ये सुप्रीम कोर्टात ते कायम झालं. ती जमीन खरंच तीन वाट्यांत गेली असती तर आमच्यासारखी किती घरं लालबागलाच राहिली असती याचा हिशोब मी मनात पुष्कळदा करतो.

परळ (निवृत्त शिक्षिका)

वरच्या दादांचा अनुभव वाचून लिहावंसं वाटलं. मी परळ भागात मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवत होते. लागले तेव्हा पाचवीच्या चार तुकड्या होत्या, अ ब क ड, आणि ड मध्ये पण साठ मुलं. निवृत्त झाले तेव्हा एक तुकडी, ती पण जेमतेम. शाळेचं जनरल रजिस्टर कोणी बघितलं असेल तर त्यात शाळा सोडण्याचं कारण असा रकाना असतो. ऐंशीच्या दशकात मे-जूनमध्ये पानंच्या पानं त्या रकान्यात एकच, पालकांचे स्थलांतर. गाव लिहायचं ते देवरुख, मालवण, सातारा, आणि नंतर नंतर दिवा, विरार, बदलापूर. काही मुलं दाखला घ्यायला आईबरोबर यायची आणि आई ऑफिसात असताना वर्गात जाऊन आपल्या बाकावर बसून यायची. शाळा रिकामी होण्याला इंग्रजी माध्यम कारण आहेच, पण आमच्या भागात त्याच्या आधी पटसंख्या ट्रेनने निघून गेली होती.

डोंबिवली

मला थोडं विरुद्ध बाजूने लिहायचंय, राग मानू नका. चाळीचं कौतुक करणारे बहुतेक पुरुष असतात किंवा तिथे लहानपण गेलेले असतात. माझी आई गिरगावात सून म्हणून आली होती. सासू-सासरे, दोन दीर, नणंद, आणि पडदा लावून केलेला कोपरा. पहाटे चारला उठायची, का तर गॅलरीच्या टोकाच्या संडासला रांग लागायच्या आत जाऊन यायचं. दिवसा पाणी कमी प्यायची. सत्तरच्या दशकात बाबांनी डोंबिवलीला दोन खोल्या घेतल्या, आत संडास-बाथरूम. सासरचे सगळे म्हणाले कुठे त्या जंगलात चाललात. आई म्हणते मी दार लावून घेतलं आणि कितीतरी वेळ नुसती आत उभी राहिले, कोणी दार वाजवलं नाही.

आमचं सगळं इथे झालं. शाळा, गणेश मंदिर, फडके रोडवरची दिवाळी पहाट, गुढीपाडव्याची शोभायात्रा, जी आता गिरगावात पण निघते आणि मुळात सुरू आमच्याकडे झाली. मला कोणी उपनगरात संस्कृती नाही म्हटलं की वाईट वाटतं. त्रास आहे तो प्रवासाचा. लेडीज डब्यात आम्ही भाजी निवडली, हळदीकुंकू केलं, एकीचं डोहाळजेवण पण केलं, लोक त्याचे फोटो काढतात. पण दिवा-मुंब्रा पट्ट्यात दारातून माणसं पडतात, दर पावसाळ्यात ओळखीतलं कोणीतरी सांगतं, आणि ज्या दिवशी मुलीचा फोन लागत नाही त्या दिवशी जीव थाऱ्यावर नसतो. नोकऱ्या इकडे आल्या असत्या, चांगलं मोठं हॉस्पिटल इकडे असतं तर मी मुंबईचं तोंड पण बघितलं नसतं. घर लांब नाहीये हो, बाकी सगळं लांब ठेवलंय.

+१. शेवटच्या वाक्यासाठी. (बदलापूर)

वसई (मूळचे इथलेच)

तुम्ही सगळे जिथे राहायला आलात तिथलं पण कोणीतरी लिहायला हवं म्हणून लिहितो. नालासोपाऱ्याच्या दादांनी टँकरचं लिहिलंय. दादा, ते पाणी आमच्या विहिरींचं होतं. आमची वाडी, केळी, विड्याची पानं, फुलं, भाजी. प्रत्येक वाडीला बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं, पावसाचं पाणी तिथे मुरायचं म्हणून समुद्र एवढा जवळ असून विहिरी गोड. इमारतींना पाणी हवं म्हणून टँकर लागले, रात्रभर मोटारी चालायच्या, काही आमच्याच माणसांनी पाणी विकलं, आणि विहिरी मचूळ व्हायला लागल्या. केळीच्या पानाची कड आधी करपते, मग घड लहान येतो. ज्याची बाग आहे त्याला ते दोन हंगामांत समजतं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने टँकर आणि बेफाम बांधकामाविरुद्ध आंदोलन केलं, माझे आई-वडील दोघं मोर्च्यात होते. २००९ मध्ये महानगरपालिका झाली तेव्हा पण गावं वगळा म्हणून लोक रस्त्यावर आले.

आता बरीच बावखलं बुजली आणि त्यावर इमारती आहेत, मग पावसाळ्यात तळमजल्यात पाणी शिरलं की लोक म्हणतात गटारं साफ नाहीत. ते पाणी जुन्या जागेवर येतंय. दादा, तुमच्यावर राग नाही. तुम्हाला तिकडून घालवलं आणि आमच्या अंगणात आणून सोडलं, ना तुम्हाला पाणी दिलं ना आम्हाला विचारलं. आई अजून सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, करते, तुमच्या पत्त्यावर पाठवायला आवडेल.

(लालबाग – नालासोपारा: नक्की. आईला ती गोष्ट वाचून दाखवली. ती म्हणाली पाणी जरा खारट लागायला लागलं होतं तेव्हा आम्हाला समजायला हवं होतं.)

पुणे, सदाशिव पेठ

आमच्या वाड्यात मी लग्न होऊन आले तेव्हा चौकाभोवती अकरा बिऱ्हाडं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा पुणे पहिल्यांदा हललं असं सासूबाई म्हणायच्या. नदीकाठच्या पेठांतले लोक आधी निसेन हटमध्ये, म्हणजे अर्धगोल पत्र्याच्या तात्पुरत्या घरांत, आणि मग लोकमान्यनगर, गोखलेनगर अशा नवीन वसाहतींत गेले, आणि पेठेबाहेर पण राहता येतं हे तेव्हा समजलं. त्याच्या आधी लकडी पुलापलीकडे राहणारा म्हणजे गावाबाहेरचा. मग दोन्ही दीर कोथरूडला गेले, ब्लॉक घेतले, गॅलरीत तुळस आणि स्कूटर लावायला जागा. बिऱ्हाडकरू एकेक करून गेले. सिंहगड रोड, वारजे, बिबवेवाडी.

पण पेठ रिकामी झाली असं मी म्हणणार नाही, पेठेतली माणसं बदलली. वाड्यातल्या खोल्यांत आता स्पर्धा परीक्षेची मुलं. एका खोलीत चार कॉट, कॉट बेसिसवर भाडं. गल्लीत अभ्यासिका, मेस, झेरॉक्स आणि चहा एवढीच दुकानं वाढतायत. बीड, लातूर, बुलढाणा, नांदेड. घरी शेती आणि बाप दर महिन्याला पैसे पाठवतो. ही मुलं सात-सात वर्षं इथे काढतात पण मतदार यादीत नाहीत, रेशन नाही, नळाला पाणी आलं नाही तर नगरसेवकाकडे जाणार कोण. आमच्या माजघराच्या भिंतीला एका मुलाने राज्यघटनेची कलमं लिहिलेले कागद चिकटवले होते, तो पास होऊन गेला, त्याच्यानंतर आलेल्याने तेच कागद ठेवले, पुढच्याने त्यावर पेन्सिलीने आपल्या खुणा केल्या. करोनात सगळी मुलं एका आठवड्यात गावी गेली तेव्हा मला पहिल्यांदा वाड्याची भीती वाटली. मला ही मुलं हवीत. कोथरूडच्या नातेवाइकांना ते विचित्र वाटतं. वाडा पाडून बांधायचा तर प्लॉट अरुंद, बाजूला जागा सोडा, समोर रस्तारुंदी, वारस सतरा. तोपर्यंत दिवे लावायला कोणीतरी हवं ना घरात.

पुणे, वाघोली

काकू फार छान लिहिलंत. आम्ही दुसरं टोक. २०१७ ला ११ गावं आणि २०२१ ला २३ गावं महापालिकेत आली, वाघोली दुसऱ्या खेपेत. सोसायटीचा सगळ्यात मोठा खर्च पाण्याच्या टँकरचा, उन्हाळ्यात तर मेंटेनन्सची मीटिंग म्हणजे टँकरचीच मीटिंग. नवरा आणि मी दोघं आयटीत, घर भरपूर मोठं आहे, पण नगर रोडला गाडीत बसून मुलाचा गृहपाठ फोनवर घेते. सासरे मंडईतून भाजी आणणारे, त्यांना इथे चालत जाण्यासारखं काहीच नाही, संध्याकाळी पार्किंगमध्ये फेऱ्या मारतात.

सोलापूर – कुंभारी

आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू बाहेर मराठी. आजी आणि आई दोघी विडी वळायच्या. पूर्व भागात भाड्याची एक खोली, भिंतीपलीकडे पॉवरलूम, लहान असताना माग बंद पडला की मला जाग यायची. आई पान भिजवून ठेवायची, सकाळी पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीने कापायची, तंबाखू भरून वळायचं, तोंड दुमडून दोरा बांधायचा, मांडीवर सूप, आणि बोलणं चालू, नजर हाताकडे नसायचीच. दिवसाला हजार विड्या. त्यातली छाट निघाली की तेवढे पैसे गेले.

विडी कामगार बायकांनी नरसय्या आडम मास्तरांच्या नेतृत्वाखाली घरांसाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढले आणि कुंभारीला कॉम्रेड गोदूताई परुळेकर वसाहत झाली, १० हजार घरं, २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते. नंतर रे नगर, ३० हजार घरांचा प्रकल्प, त्यातली पहिली १५ हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान मोदींच्या हस्ते दिली. मुंबईवाल्यांनो, शहराबाहेर जाणं म्हणजे नेहमी हाकलून दिलेलंच असतं असं नाही. आमच्या आईच्या नावाचं घर, आयुष्यात पहिल्यांदा. भाडं नाही, घरमालकीणबाईचं बोलणं नाही. पण कारखाना शहरात. विड्या जमा करायला आणि पान-तंबाखू आणायला टोपली घेऊन जायचं-यायचं, मजुरीतून भाड्याचे पैसे जातात. चार बायका मिळून रिक्षा करतात. आणि माझ्या पिढीचं म्हणाल तर गिरण्या गेल्या, माग कमी झाले, सगळे हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला. मी पण चिंचवडला आहे. आईला म्हटलं माझ्याकडे ये, ती म्हणते माझं घर सोडून का येऊ.

नागपूर, महाल – बेसा

भाऊ, आमच्याकडे तर शहर दक्षिणेकडे पळूनच राहिलं. महालात बडकस चौकाजवळ एकत्र घर, तीन काका, आता एक मनीषनगर, एक हिंगण्याकडे, आम्ही बेसा. लेआउटमध्ये प्लॉट घेतला तेव्हा ना रस्ता ना नाली ना आरएल. बाहेरच्यांना सांगतो, आरएल म्हणजे लेआउट नियमित झाल्यावर प्लॉटसाठी मिळतं ते पत्र, ते नसलं की बँक कर्ज देत नाही अन् नकाशा मंजूर होत नाही. ते यायला माझे बाबा रिटायर झाले. पावसाळ्यात काळ्या मातीत गाडी फसायची, चौकात गाडी ठेवून चप्पल हातात घेऊन घरी. आता रस्ते झाले, चांगलं झालं. तान्ह्या पोळ्याला मारबतीची मिरवणूक पाहायला मात्र सगळे इतवारीतच, पोरांना खांद्यावर घेऊन.

पणजी – पर्वरी

आमचं घर पणजीच्या मळा भागात. गोव्यात अडचण वेगळी, वारसाहक्काचा कायदा पोर्तुगीज काळापासूनचा, सगळ्या मुलांना वाटा, मुलीला पण, जे मला योग्यच वाटतं. पण तीन पिढ्यांत वाटेकरी लिस्बनपासून मुंबईपर्यंत पसरले की छपराची नळी बदलायला पण सह्या जमत नाहीत. मग कुलूप. आम्ही पर्वरीला फ्लॅट घेतला, विधानसभा २००० मध्ये तिकडे गेल्यापासून ती टेकडी भरत गेली. पणजीत रात्री आमच्या गल्लीत दिवे असतात ते पाहुण्यांच्या खोल्यांचे.

डेट्रॉईट (मूळ दादर, सध्या नोव्हाय)

इथलं चित्र उलटं आहे म्हणून लिहितोय. डेट्रॉईट १९५० मध्ये साडेअठरा लाखांचं शहर होतं, २०२० मध्ये ६ लाख ३९ हजार. मी आलो तेव्हा कंपनीतल्या लोकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं एट माईल रोडच्या दक्षिणेला घर बघू नकोस. ती शहराची हद्द. आम्ही सगळे भारतीय नोव्हाय, ट्रॉय, कँटन, फार्मिंग्टन हिल्स असेच पसरलोय, शाळा बघून.

लोक १९६७ च्या दंगलीमुळे शहर ओस पडलं म्हणतात पण गोरी कुटुंबं पन्नासच्या दशकापासूनच निघाली होती. सरकारी हमीचं गृहकर्ज नवीन उपनगरांत मिळायचं आणि काळ्या लोकांच्या वस्त्यांत मिळायचं नाही. एट माईलजवळ एक भिंत आहे, मी मुद्दाम बघून आलो. पुरुषभर उंच, साधी काँक्रीटची, घरांच्या परसांमागून जाते. १९४१ मध्ये एका बिल्डरने बांधली, कारण शेजारी काळी वस्ती आहे म्हणून त्याच्या गोऱ्या गिऱ्हाइकांना कर्ज मंजूर होईना, भिंत घातल्यावर झालं. आता दोन्ही बाजूंना काळीच कुटुंबं राहतात आणि भिंतीवर चित्रं काढलीत. एक आजी तिच्या बाजूने भिंतीलगत टोमॅटो लावत होत्या. मग हायवे आले, ब्लॅक बॉटम नावाची जुनी काळी वस्ती त्याखाली गेली, कारखाने बाहेर गेले, आणि १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टाने शहर आणि उपनगरांच्या शाळा एकत्र आणायला नकार दिला, म्हणजे जो गेला त्याचा कर पण गेला आणि शाळा पण. २०१३ मध्ये शहराने दिवाळखोरी जाहीर केली.

गिरगावात किंमत चढत गेली म्हणून जुनी माणसं बाहेर पडली, इथे किंमत कोसळली म्हणून मागे राहिलेला अडकला. शेजारचं घर पाडलेलं असतं, त्या मोकळ्या प्लॉटचं गवत लोक स्वतःच्या मशीनने कापतात, शहर तसे प्लॉट शेजाऱ्याला शंभर डॉलरला देतं. मिशिगन सेंट्रल स्टेशन १९८८ पासून बंद होतं ते फोर्डने २०१८ ला घेऊन २०२४ ला पुन्हा उघडलं, मुलांना घेऊन गेलो होतो, फार सुंदर केलंय, पण प्रवासी गाडी अजून येत नाही. ज्या शाळेसाठी मी नोव्हायला राहतो त्या शाळेत एट माईलच्या पलीकडचं मूल येऊ शकत नाही, हे मला माहीत आहे आणि ते मनातून जात नाही.

काळबादेवी (प्रश्न)

सगळं वाचलं. धागा काढणाऱ्या ताईंना एक विचारायचंय. आमची पागडीची खोली आहे, बाबा मागच्या वर्षी गेले, मी ठाण्याला आणि भाऊ पनवेलला. भाऊ म्हणतो सोडून द्या, मला धीर होत नाही. खोलीला कुलूप आहे. काय बघायचं आधी?

ठाकुरद्वार

कुलूप लावून ठेवू नका हे सगळ्यात पहिलं. सबळ कारण नसताना सलग सहा महिने जागा वापरली नाही तर मालकाला ती परत मागता येते. दुसरं, १९९९ च्या कायद्यात भाडेकरू गेल्यावर हक्क आधी जातो तो त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबातल्या माणसाकडे, तसं कोणी नसेल तरच वारसाकडे, आणि आपल्यासारखे लांब गेलेले नेमके इथेच अडकतात. आई तिथे राहत असेल तर पावती आईच्या नावावर करून घ्या. तुमच्यापैकी कोणी बाबांजवळ राहत असाल तर त्याचे कागद काढा, लाइटबिल, गॅस, बँकेचा पत्ता, मतदार यादी. भाडं थकवू नका, मालक घेत नसेल तरी पुरावा राहील असं पाठवत राहा. मूळ पावत्या बिल्डरच्याच काय कोणाच्याच हातात देऊ नका, झेरॉक्स द्या. संमतीपत्रावर सही करण्याआधी करार रजिस्टर होणार का ते विचारा. वकिलाकडे जाताना दोघे भाऊ एकत्र जा. शेवटची पावती कोणाच्या नावाने आणि कोणत्या महिन्याची आहे ते बघून इथे सांगा, मग पुढचं बोलू.